पैसे आधी राइडवर घाला

पत्र:

सप्रेम नमस्कार. कॉलेजात असताना मी रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचे. तोच सेट अजून जवळ आहे: बेस ड्रम २२ इंची, टॉम १० आणि १२, फ्लोअर टॉम १४, स्नेअर १४, शिवाय दुहेरी पेडल आणि त्या काळातले सिम्बल. गेल्या वर्षापासून दोन मित्रांबरोबर जॅझ वाजवायला लागले आहे. एक पियानोवर असतो, दुसरा डबल बेसवर. बहुतेक वेळा माइक नसतो. दोघांचीही तक्रार एकच, "तुझा बेस ड्रम फार बोलतो." राहते तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गाडी लहान. मला छोटा आणि परवडणारा जॅझचा सेट घ्यायचा आहे. १६ इंची बेस ड्रमचा चिमुकला सेट घ्यावा की १८ इंची 'बॉप' सेट, हे ठरत नाही. त्यात ओळखीचे एक गृहस्थ साठच्या दशकातला जुना सेट विकताहेत. त्याचा बेस ड्रम २० इंची आहे, पण कंपनीचं नाव कुणाला माहीत नाही. दुकानदार म्हणतो महोगनीच घ्या, मित्र म्हणतो मेपल. डोकं चालेनासं झालंय. काय करू?

– तिसरा मजला

उत्तर:

तुमच्या तीन पर्यायांकडे वळण्याआधी तुमच्याच पत्रातली सेटची मापं पुन्हा एकदा वाचा. टॉम १२, फ्लोअर टॉम १४, स्नेअर १४. दुकानात ज्याला 'बॉप सेट' म्हणतात त्याची मापं हीच असतात, फक्त बेस ड्रम १८ इंची. म्हणजे पाऊण जॅझ सेट तुमच्या घरात आधीपासून आहे. १० इंची टॉम कपाटावर ठेवून द्या. उरला बेस ड्रम, त्याबद्दल तुमचे मित्र बोललेच आहेत. आणि उरले सिम्बल, ज्यांना तुम्ही 'त्या काळातले' एवढ्या दोन शब्दांत उरकलंत. माझ्या मते खरी गोम तिथे आहे.

लहान ड्रम घेतले की जॅझचा आवाज येतो, असा समज पक्का बसला आहे. तो कुठून आला ते कळलं की खरेदी सोपी होते. १९३०च्या दशकातल्या स्विंग ऑर्केस्ट्रात जीन क्रुपासारखे ड्रमर २६ इंची बेस ड्रम वाजवत आणि चारही मात्रा पायाने धरत. काउंट बेसीच्या ऑर्केस्ट्रात जो जोन्सने ती लय पायातून काढून हाय-हॅटवर, म्हणजे पेडलने उघडमीट होणाऱ्या सिम्बलच्या जोडीवर, आणली. १९४०च्या दशकात केनी क्लार्कने ती राइडवर, म्हणजे स्टिकने सतत वाजवत राहायच्या मोठ्या सिम्बलवर, नेली आणि बेस ड्रम मधूनच एखादा ठोसा द्यायला मोकळा ठेवला. पुढे बँड चार-पाच जणांचे झाले, वाजवायच्या जागा लहान झाल्या, तसा बेस ड्रमही आटत गेला. साठच्या दशकात एल्विन जोन्स सॅक्सोफोनवाल्या कोल्ट्रेनबरोबर आणि टोनी विल्यम्स ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसबरोबर १८ इंची बेस ड्रम वाजवत होते. टोनी १९६३ मध्ये त्या बँडमध्ये आला तेव्हा १७ वर्षांचा होता. १८ इंच हे माप पवित्र झालं ते या मंडळींमुळे. पण हाच टोनी पुढे २४ इंची बेस ड्रमवर गेला, आणि त्यामुळे त्याच्या हातातलं काही कमी झालं असं कुणी म्हणणार नाही.

या सगळ्यात सरकत गेली ती लय: पायातून हाय-हॅटवर, हाय-हॅटवरून राइडवर. तुमच्या पियानोवाल्याला आणि डबल बेसवाल्याला संध्याकाळभर सर्वांत जास्त काय ऐकू येणार, तर तुमचा राइड. त्याखालोखाल हाय-हॅट, मग स्नेअर. टॉम आणि बेस ड्रम त्यानंतर. दुकानात मात्र आपण नेमके उलट्या क्रमाने पैसे घालवतो. चकचकीत शेल, म्हणजे ड्रमची लाकडी नळकांडी, पाहून निम्म्याहून जास्त रक्कम तिथेच संपते आणि उरलेल्या चिल्लरमध्ये पत्र्यासारखे वाजणारे सिम्बल येतात.

म्हणून माझा हिशेब असा. खरेदीसाठी जी रक्कम बाजूला काढली आहे, तिचा अर्धा भाग राइड आणि हाय-हॅटचा. त्याला हात लावायचा नाही. उरलेल्या अर्ध्यात ड्रम, स्टँड, हेड (ड्रमवर ताणलेला पडदा) आणि पिशव्या. शेल पॅक या नावाने जे विकतात त्यात फक्त ड्रम असतात, हेही लक्षात ठेवा. सिम्बल, स्टँड, पेडल, स्टूल काही नसतं, आणि काही पॅकमध्ये तर स्नेअरही नसतो. जाहिरातीतल्या फोटोत सगळा संसार मांडलेला दिसतो, त्यावर जाऊ नका.

आता राइड. रॉकसाठी घेतलेला राइड बहुधा जाड आणि जड असतो. २० इंचीचं वजन अडीच किलोच्या पुढे गेलेलं असतं. जोरात वाजवला की टणटण करतो आणि हळू वाजवला की नुसता टिकटिकतो. जॅझसाठी २० इंची हवा असेल तर साधारण पावणेदोन ते दोन किलोच्या आसपासचा बघा, २२ इंची असेल तर सव्वादोन ते अडीच. बरेच विक्रेते हल्ली सिम्बलचं वजन ग्रॅममध्ये लिहून ठेवतात. लिहिलेलं नसेल तर विचारा, नाहीतर सरळ काट्यावर ठेवा.

धातूही बघा. चांगले सिम्बल बहुधा ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील अशा कांस्याचे असतात, त्याला बी२० म्हणतात. बी८ म्हणजे ९२ टक्के तांबं आणि ८ टक्के कथील. त्याचा आवाज सरळ, चमकदार आणि थोडा एकसुरी. त्याहून स्वस्त पॅकमध्ये पितळ मिळतं, ते जॅझसाठी विसरा. बी८मध्ये बरे सिम्बल नसतातच असं नाही, पण हळू वाजवताना जो खालचा, किंचित धुरकट सूर लागतो तो बी२०मध्ये सहज सापडतो. तुर्कस्तानात हाताने ठोकून घडवलेले सिम्बल यासाठीच नावाजलेले आहेत. नवे परवडत नसतील तर वापरलेले घ्या. हेड जसं वाजवून वाजवून मरतं तसं सिम्बलचं होत नाही. वर काळपट थर चढलेला असेल तर घाबरू नका, आणि घरी आणून तो पॉलिशने घासूही नका.

राइड निवडताना स्वतःच्या स्टिक घेऊन जा. बारीक, लाकडी टोकाच्या. दुकानातल्या जाड्या स्टिकने कुठलाही सिम्बल वेगळाच वाजतो. आधी एकदम हळू, दोन माणसं शेजारी बसून बोलत असताना चालेल इतक्या आवाजात, राइडची नेहमीची चाल वाजवा. दोन मिनिटं तरी थांबू नका. प्रत्येक ठोका वेगळा ऐकू यायला हवा आणि त्याच्या मागे एक पातळ सळसळ पसरलेली हवी. ठोका आणि सळसळ दोन्ही हवंच. नुसता ठोका असेल तर तो तुमच्या जुन्या राइडचाच भाऊ. दोन मिनिटांनी सळसळ वाढत वाढत ठोक्यांवर स्वार झाली, तर माइकशिवायच्या खोलीत तो सिम्बल पियानोला गिळून टाकेल. मग कडेवर स्टिकच्या बाजूने एक हलका फटका द्या. पातळ राइड क्रॅशसारखा, म्हणजे एका फटक्यात फुटणाऱ्या सिम्बलसारखा, उघडतो आणि लगेच मावळतो. असा मिळाला तर वेगळ्या क्रॅशचे पैसे आणि एक स्टँड वाचला. शेवटी स्टिक दुसऱ्या कुणाच्या हातात द्या आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ऐका. कानाशी कर्कश वाटणारे काही सिम्बल लांबून अगदी गोड वाटतात, आणि काहींचं नेमकं उलट होतं.

तुमच्या खोलीत सगळेच राइड अंगावर येत असतील तर एकदा फ्लॅट राइड ऐकून बघा. त्याला मधला घुमट नसतो, म्हणून सळसळ साचत नाही. कितीही वेळ वाजवा, ठोका स्वच्छ राहतो. रॉय हेन्ससारख्या ड्रमरने तो वाजवून दाखवलेला आहे. तोटा एवढाच की बँड तापला, आवाज चढवायची वेळ आली, की फ्लॅट राइड मागे पडतो. तिघांच्या बँडला तो शोभतो. सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट येऊन उभे राहिले की अपुरा वाटायला लागतो.

वापरलेला सिम्बल घेताना दोन गोष्टी बघा. कडेवरून बोट फिरवा, बारीक तडा नखाला लागतो. मधलं भोक एका बाजूला लांबट झालंय का तेही बघा. तडा असेल तर कितीही स्वस्त असला तरी नको, तो वाढतच जाणार. हाय-हॅट १४ इंची, हलका किंवा मध्यम. दोन आणि चार मात्रांना पायाने मिटल्यावर 'चिक्' स्वच्छ आला पाहिजे. तेवढं झालं की हाय-हॅटचं बाकी सगळं माफ.

आता तुमचा मूळ प्रश्न, १६ की १८.

१६ इंची सेट दिसायला गोंडस आणि न्यायला सोपे. लुडविग कंपनीने ड्रमर क्वेस्टलव्हबरोबर २०१३ मध्ये ब्रेकबीट्स आणला, त्यात बेस ड्रम १६ इंच व्यासाचा आणि १४ इंच खोल, टॉम १० आणि फ्लोअर टॉम १३ इंची. पर्लचा मिडटाउन आणि सोनरचा एक्यू२ सफारी त्याच कुळातले. रस्त्यावर, कॅफेत, फंक वाजवायला हे सेट झकास. तुमच्यासारख्या माइक नसलेल्या त्रिकुटात मात्र १६ इंची बेस ड्रम मोठ्या फ्लोअर टॉमसारखा वाजतो. पायाने अगदी हळू, ऐकू येईल न येईल असं चार मात्रांना टेकवत राहायचं असेल, तर त्यातून धड 'धुम्' येत नाही आणि तो पूर्ण गप्पही बसत नाही. शिवाय पेडलचा बीटर, म्हणजे आपटणारा दांडा, हेडच्या मध्याच्या बराच वर आपटतो. त्यासाठी ड्रम उचलून धरणारा लिफ्ट लागतो, काही सेटबरोबर तो येतो, काहींना वेगळा घ्यावा लागतो. माइक असेल तर यातलं बरंच काही झाकलं जातं. तुमच्याकडे तो नाही.

म्हणून १८. त्यातही पर्याय पुष्कळ. ग्रेचचा कॅटलिना क्लब महोगनीचा, बेस ड्रम १८ बाय १४, टॉम १२, फ्लोअर टॉम १४. यामाहाचा स्टेज कस्टम बॉप बर्चचा, सोनरचा एक्यू२ बॉप मेपलचा. टामाचा क्लब-जॅम सर्वांत आटोपशीर: बेस ड्रम १८ पण खोली फक्त १२ इंच, टॉम १०, फ्लोअर टॉम १४ बाय ७, स्नेअर १३. जिना चढणाऱ्यांसाठी तो वरदान आहे, आणि बेस ड्रम उथळ असल्यामुळे आवाजही चटकन थांबतो. पण टॉम १० आणि स्नेअर १३ म्हटल्यावर सगळा सेट एक पट्टी वर बोलतो. तुमच्याकडे १४चा स्नेअर आहेच, त्यामुळे ती उणीव तुम्हाला फारशी भासणार नाही. मॉडेलं बदलत राहतात, तेव्हा नावाच्या मागे न लागता मापं आणि शेलची कड बघून घ्या.

महोगनी की मेपल हा वाद हौशी लोकांनी संध्याकाळ घालवण्यासाठी राखून ठेवलेला आहे. लाकडाने फरक पडतो, नाही असं नाही. महोगनी किंचित खालच्या, ऊबदार सुराकडे झुकते, बर्चचा ठोका तुटक येतो, मेपल मधला. पण तुमच्या बजेटमध्ये त्याहून कितीतरी जास्त फरक हेड कोणतं, ते कसं ताणलंय आणि शेलची कड कशी कापली आहे याने पडतो. गोलसर कडेवर हेडचा जास्त भाग टेकतो, म्हणून आवाज मऊ आणि आखूड. टोकदार कड असेल तर आवाज मोकळा, लांब. पॉप्लरचा सेट चांगला लावलेला असेल आणि शेजारी मेपलचा ढिसाळ लावलेला असेल, तर डोळे मिटून कुणीही पॉप्लर उचलेल.

सुटा १८ इंची बेस ड्रम घेऊन जुन्या टॉमना जोडता येईल का, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. नवा सुटा घ्यायला गेलात तर बहुधा दिसेल की त्यात थोडी भर घातली की अख्खा शेल पॅक येतो. सेकंड-हँड सुटा मिळाला तर मात्र सोडू नका. रंग जुळला नाही तर नाही जुळला.

खरेदी करण्याआधी घरातल्या २२ इंची ड्रमवर एक प्रयोग करा. नव्या १८ इंचीलाही हेच लागू आहे, त्यामुळे मेहनत वाया जाणार नाही. तुमच्या समोरच्या हेडला भोक असणार आणि आत उशी कोंबलेली असणार, रॉकवाल्यांची ती रीतच आहे. उशी काढा. दोन्ही बाजूंना एकपदरी, पांढऱ्या खरखरीत लेपाचं हेड लावा, समोरचं बिनभोकाचं. वाजवायच्या बाजूला हेडखालून चार-पाच सेंटिमीटर रुंदीची फेल्टची पट्टी, मध्यापासून जरा बाजूला, आडवी ताणून घ्या. मग हेड ताणणारे सगळे रॉड बोटांनी लागतील तेवढे लावून घ्या आणि पुढे चावीने समोरासमोरच्या रॉडना आळीपाळीने पाव-पाव फेरा द्या. तबल्याची घरं जशी एकेक करून मिळवतात, तसं प्रत्येक रॉडजवळ, कडेपासून दोन बोटं आत, टिचकी मारून सूर मिळवत जा. सगळीकडे एकच सूर यायला लागला की समोरचं हेड मागच्यापेक्षा किंचित चढं करा. बेस ड्रम रॉकमध्ये असतो त्याहून चढा ठेवायचा आहे, इतका की त्यातून सूर ओळखता येईल. पहिल्यांदा तो तुम्हाला चुकीचा वाटेल. तसाच राहू द्या.

आणि मग पाय. रॉकमध्ये बीटर हेडवर दाबून धरायची सवय लागते. ती सोडा. बीटर टेकला की लगेच मागे आला पाहिजे. टाच पेडलवर टेकवून, घोट्यातून वाजवा. बीटरचं डोकं लाकडी किंवा प्लास्टिकचं असेल तर फेल्टचं घ्या. डबल बेसवाल्याची तार आणि तुमचा पाय एकत्र ऐका: त्याच्या स्वराला तुमच्यामुळे थोडं वजन आल्यासारखं वाटलं पाहिजे आणि बेस ड्रम वेगळा असा ऐकूच यायला नको. तुमच्या मित्रांची निम्मी तक्रार या एका बदलाने संपेल असं मला वाटतं. उरलेली १८ इंचीने संपेल. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी तुम्हाला म्हणत नाही, पण अंगण बदलण्याआधी पाय तपासलेला बरा.

टॉमनाही तीच हेड. चढे लावा, वर टेप चिकटवू नका, घुमू द्या. १२ आणि १४ यांच्यात षड्ज-मध्यमाचं अंतर ठेवलं तर दोन्ही वेगळे ओळखू येतात आणि एकमेकांना शोभतात. स्नेअरचं वाजवायचं हेड लेपाचंच हवं, यात तडजोड नाही, कारण गुळगुळीत हेडवर ब्रश (स्टिकऐवजी वापरायचा बारीक तारांचा झुबका) फिरवला तर काहीच ऐकू येत नाही. जॅझमध्ये ब्रश हा निम्मा संसार आहे. तुमचा स्नेअर साडेपाच-सहा इंच खोल असेल तर बदलायची गरज नाही, फक्त खालच्या तारा थोड्या सैल करा. डाव्या हाताने ब्रशचं वर्तुळ काढत बसा. त्यात खंड न पडता 'स्सस्स' येतंय तोवर स्नेअर ठीक आहे.

जिन्याबद्दल. ड्रमसेटमध्ये जड काय असतं, तर लोखंड. रॉकचे दुहेरी पायांचे स्टँड एका पिशवीत भरले की ती पिशवी एकट्या १८ इंची बेस ड्रमपेक्षा जड होते. जुने स्टँड नव्या छोट्या सेटबरोबर वापरत राहिलात तर सेट छोटा झाल्याचा फायदा पहिल्याच जिन्यात संपेल. एकेरी पायांचे किंवा पाय जमिनीला सपाट टेकणारे हलके स्टँड घ्या, आता अ‍ॅल्युमिनियमचेही मिळतात. पातळ सिम्बलना तेवढा आधार पुरतो. टॉम बेस ड्रमवर बसवायची सोय असलेला सेट बघा. शौकीन लोक बेस ड्रमला भोक नको म्हणून टॉम वेगळ्या स्टँडवर लावतात, तुम्ही त्या फंदात पडू नका. एक स्टँड वाचतो हे महत्त्वाचं. दुहेरी पेडल घरी ठेवा, एकेरी पुरे. स्टुलावर मात्र कंजूषी नको, पाठीचा प्रश्न आहे.

आणखी एक. प्रत्येक कार्यक्रमाला सगळं नेलंच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. बेस ड्रम, स्नेअर, हाय-हॅट, राइड एवढ्यावर सगळी संध्याकाळ निघते. टॉम नसले की स्नेअरवर जास्त विचार करावा लागतो, आणि तो तुम्हाला करायचाच आहे.

घरी रियाजासाठी जाळीची हेड आणि भोकं पाडलेले कमी आवाजाचे सिम्बल मिळतात. शेजारी सुखी राहतात. पण ब्रशचा रियाज जाळीवर होत नाही, तो लेपाच्या हेडवरच करा. त्याचा आवाज भिंतीपलीकडे जात नाही.

राहिला तो जुना सेट. तुमच्या वर्णनावरून तो बहुधा त्या काळातल्या बिननावी किंवा दुकानाचं नाव डकवलेल्या सेटपैकी असावा. जपानमध्ये असे ढिगाने बनत. पातळ प्लायवूडचे शेल, आत लाकडी कडं. नीट असतील तर त्यांचा आवाज जॅझसाठी सुंदर असतो, कोरडा आणि जुन्या वळणाचा. २० इंची बेस ड्रमलाही माझी ना नाही. १८ पेक्षा त्यात सूर जास्त भरतो आणि तो लावायलाही सोपा. फक्त जिन्यात कोपरं जपावी लागतील.

बघायला जाताना ड्रमची चावी, मोजायची टेप, मोबाइलचा टॉर्च आणि एक नवं १२ इंची हेड बरोबर न्या. हेड काढायला लावा, सगळी. शेल सपाट काचेवर किंवा फरशीवर उभा ठेवून आत टॉर्च पेटवा आणि खोलीतला दिवा घालवा. कडेखालून उजेडाची फट दिसली तर कड वाकडी आहे, असा ड्रम सुरात लागत नाही. व्यास दोन आडव्या दिशांनी मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक असेल तर शेल अंडाकृती झालाय. नवं हेड शेलवर अलगद, गोल फिरेल असं बसायला हवं. काही जुन्या ड्रमचा व्यास आजच्या हेडपेक्षा वेगळा असतो, साठच्या दशकातल्या प्रीमियर या ब्रिटिश कंपनीच्या काही ड्रमनाही हा रोग आहे, आणि मग प्रत्येक हेडसाठी वणवण. रॉड एकेक करून फिरवा. आटे गेलेले असतील तर तसे लग (रॉड ज्यात फिरतात ते शेलवरचे तुकडे) पुन्हा मिळणं कठीण. स्नेअरच्या तारांचा खटका चालतोय का, बेस ड्रमचे पाय घसरतात का, हेही बघा. बरोबर येणाऱ्या जुन्या स्टँडची किंमत शून्य धरा, आणि सगळ्या ड्रमच्या दोन्ही बाजूंच्या नव्या हेडचा खर्च त्यांनी सांगितलेल्या किमतीत मिळवा.

ती बेरीज नव्या १८ इंची शेल पॅकच्या निम्म्यापर्यंत आली आणि कडा सरळ निघाल्या, तर डोळे झाकून जुना घ्या. उरलेले पैसे राइडला जातील. बेरीज त्याहून वर गेली किंवा एकाही शेलखाली उजेड दिसला, तर नवा १८ इंची घ्या. जिन्याचा विचार करता मी क्लब-जॅम घेईन, टॉमच्या आवाजाचा विचार करता कॅटलिना क्लब. त्या गृहस्थांनी हेड काढू द्यायला नकार दिला, तर चहा घेऊन परत या.